मैदानावरच्या कॅरॅव्हॅन

घरामागच्या मैदानावर आयरिश ट्रॅव्हलर्स या भटक्या समाजाच्या कॅरॅव्हॅन (गाडीला जोडून न्यायची फिरती घरं) उतरल्या आणि आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘सायकली आत घ्या’ सुरू झालं. कचऱ्याची तक्रार खरी आहे. कुंपणाशी काळ्या पिशव्या साचल्यात. पण तिथे ना नळ, ना संडास, ना कचरागाडी! इंग्लंडमध्ये १९६८च्या कायद्याने कौन्सिलांना, म्हणजे इथल्या पालिकांना, अशा तळांची सोय करणं बंधनकारक होतं. १९९४मध्ये ते बंधनच काढून टाकलं. मग या माणसांनी उतरायचं कुठे?

मी धुळ्याची. २०१८मध्ये आमच्या जिल्ह्यात, राईनपाड्याला, मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारलं. त्यामुळे असले मेसेज वाचले की पोटात गोळा येतो. उद्या कौन्सिलरला भेटून निदान पाणी आणि कचराकुंडी तरी मागणार आहे.