आमची वाटचाल : नगात गेलेला माल किलोत परत येतो तेव्हा

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते आणि माझा दीर चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होता. दोघांनी मिळून स्वतःचं काही सुरू करायचं ठरवलं, तेव्हा काय बनवायचं हे ठाऊक नव्हतं. एवढंच पक्कं होतं की ज्यासाठी कुणीतरी खिशातून पैसे काढेल असं काम हाती लागेपर्यंत कोड लिहायला बसायचं नाही. आज निगडीत आमचं लहानसं ऑफिस आहे आणि भोसरी, तळवडे, चिखली भागातली मशीनशॉप जॉबवर्कच्या, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने केलेल्या कामाच्या, चलनांचा (मालासोबत जाणाऱ्या कागदांचा) हिशेब आमच्या सॉफ्टवेअरवर ठेवतात. ते काम कसं सापडलं ते लिहिते आहे, कारण नव्याने धंद्यात उतरू पाहणारी मुलं-मुली भेटायला येतात ती बहुतेक हाच प्रश्न घेऊन येतात.

काम शोधायला भोसरी निवडली कारण दिराला तिथली बोली येत होती. शेजारच्या पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, पुढे मोठ्या वाहन कंपन्या आल्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी छोटी वर्कशॉप त्यांच्याभोवती वाढत गेली. गाडीतला एखादा साधा शाफ्ट घ्या. फोर्जिंग (तापवून ठोकून आकार देणं) एकाकडे, टर्निंग (लेथवर कातणं) दुसऱ्याकडे, हीट ट्रीटमेंट (तापवून कडक करणं) तिसऱ्याकडे, ग्राइंडिंग (घासून मापात आणणं) परत दुसऱ्याकडे, प्लेटिंग (धातूचा मुलामा) चौथ्याकडे. माल सतत टेम्पोतून फिरत असतो. बाहेरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही. भोसरी एमआयडीसीच्या जे-ब्लॉक, एस-ब्लॉकमधून जाताना नुसती शटर दिसतात.

या भागात सुट्टी गुरुवारची. इतर दिवशी मालक एक तर मशीनवर असतो नाही तर कंपनीच्या गेटवर, त्याच्याशी धड दोन वाक्यं होत नाहीत. गुरुवारी मशीन बंद, पण मालक पुष्कळदा ऑफिसात येऊन बसतो : बिलं काढायची असतात, आठवड्याचे कागद लावायचे असतात. म्हणून आम्ही गुरुवारी जायचो. दिराच्या ओळखीतून एकाकडे, त्याने सांगितलं म्हणून शेजारच्याकडे, तिथून त्याच्या साडूच्या वर्कशॉपला. "तुमचा धंदा कसा चालतो ते समजून घ्यायचंय, विकायला काही आणलेलं नाही," एवढं सांगितलं की लोक खुर्ची पुढे करत.

सॉफ्टवेअरचा विषय आम्ही काढत नव्हतो. "असं ॲप केलं तर घ्याल का?" असं विचारलं की आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही. घरी आलेल्या माणसाचं मन मोडायचं नसतं, म्हणून उत्तर "घेऊ की, छान आहे" असंच येणार. त्या उत्तरावर धंदा उभा राहत नाही. आम्ही झालेल्या गोष्टी विचारायचो. मागच्या महिन्यात सगळ्यात जास्त डोकं कशाने उठलं? तेव्हा काय केलंत? ते काम कुणी केलं, किती वेळ लागला, त्याला पैसे किती दिले? आणि शेवटी, "ती वही बघू का जरा?" माणूस स्वतःबद्दल बोलताना थोडं सजवून बोलतो. वहीतली खाडाखोड मात्र जशी आहे तशी समोर येते.

सगळ्यात जास्त ऐकलेली तक्रार पेमेंटची. नव्वद दिवस, एकशेवीस दिवस, कधी त्याहून जास्त. ती इतक्या तळमळीने सांगितली जायची की वाटावं, हाच विषय धरावा. कायदाही बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्यात लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असं म्हटलं आहे. उशिरा पेमेंटची तक्रार नोंदवायचं सरकारी समाधान पोर्टल २०१७ मध्ये आलं. पुढे आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं, म्हणजे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च, पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत, वजावटीला धरता येत नाही. उशिरा येणाऱ्या बिलांचा मागोवा ठेवणारं, व्याज काढून देणारं, तक्रारीचे कागद तयार करणारं काहीतरी बनवणं अवघड नव्हतं.

पण आम्ही पुढचा प्रश्न विचारला : "काका, तुम्ही कधी तक्रार केलीत?" साताऱ्याकडचे एक जुने मालक शांतपणे म्हणाले, "ताई, त्या कंपनीचं काम माझ्या निम्म्या मशीनवर चाललंय. तक्रार केली तर पैसे मिळतील, पण पुढची ऑर्डर मिळेल का?" मग बाकीच्यांनाही हेच विचारलं आणि उत्तर थोड्याफार फरकाने तेच आलं. दुखणं खरं, मोठं, रोजचं. पण त्यावर काही करायची माणसाची तयारी नाही, आणि त्याची कारणं अगदी रास्त आहेत. तिथे सॉफ्टवेअर विकत कोण घेणार? ज्या दुखण्यावर माणूस आजच वेळ किंवा पैसा खर्च करतो आहे, ते शोधायचं, असं आमचं तेव्हा पक्कं ठरलं. मोठ्या आवाजात सांगितलेली तक्रार आणि पैसे देऊन सोडवलेली अडचण पुष्कळदा वेगवेगळ्या असतात.

चलनांचा विषय मालकांनी स्वतःहून काढलाच नव्हता. तो स्टोअरच्या पोरांकडून कळला. एका वर्कशॉपमध्ये मालक फोनवर होते म्हणून दीर स्टोअरला जाऊन बसला. तिथला मुलगा तीन वह्या उघडून बसलेला : एक आवकेची, एक जावकेची, आणि एक खिशातली डायरी. "ही तिसरी कशाला?" दिराने विचारलं. "पहिल्या दोन जुळत नाहीत, म्हणून," तो म्हणाला.

न जुळण्याचं कारण पाहायला आम्ही पुढचे कित्येक गुरुवार घालवले, आणि आमचा सगळा धंदा त्या कारणावर उभा आहे, म्हणून ते नीट सांगते. कंपनी ५०० फोर्जिंग, म्हणजे फोर्ज केलेले नग, पाठवते, नगावर मोजून. मशीनशॉपमध्ये टर्निंग होतं, काही नग रिजेक्ट होतात, समजा ४८० उरले. ते हीट ट्रीटमेंटला जातात. हीट ट्रीटमेंटवाला नग मोजत नाही, त्याचा दरच किलोवर. टर्निंगनंतर एका नगाचं वजन ९०० ग्रॅम धरलं तर त्याच्या काट्यावर ४३२ किलो यायला हवेत. परत येतात ४२८ किलो. म्हणजे नग किती? ४७५ की ४७६? मालाला तेल लागलेलं असतं. क्रेटचं वजन वजा केलं की नाही ते चलनावर नसतं. चार तडकलेले नग त्याने बाजूला ठेवलेत, पण ते पुढच्या खेपेला येणार आहेत आणि पुढची खेप वेगळ्या चलनावर आहे. तिथून माल प्लेटिंगला जातो, तिथेही किलो. शेवटी कंपनीच्या गेटवर तो पुन्हा नगावर मोजला जातो.

वर्षाअखेरीला कंपनीच्या स्टोअरचं पत्र येतं : तुमच्याकडे आमचे इतके नग बाकी दिसतात. ते नग खरोखर हरवले, हीट ट्रीटमेंटवाल्याकडे पडून आहेत की मोजणीतच चूक आहे, हे सिद्ध करायला मशीनशॉपवाल्याकडे काही नसतं. मग डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापल्याचा कागद, येते, फोर्जिंगच्या पूर्ण किमतीची. टर्निंगची मजुरी नगामागे काही रुपये आणि फोर्जिंगची किंमत त्याच्या अनेक पट. थोडे नग बाकी निघाले तरी पुष्कळ नगांची मजुरी वजा झालेली असते.

जीएसटी आल्यावर, म्हणजे १ जुलै २०१७ नंतर, या हिशेबाला कायद्याची धार आली. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा, यंत्रसामग्री तीन वर्षांत. नाही तर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो. डाय, जिग, फिक्श्चर (साचे आणि काम करताना नग धरून ठेवायची साधनं) यांना ही मुदत नाही. शिवाय माल पाठवणाऱ्याला आयटीसी-०४ हा जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म भरावा लागतो, आणि त्यात कुठल्या चलनाचा माल कुठल्या चलनावर परत आला हे दाखवायचं असतं. त्यामुळे मोठ्या कंपन्यांची स्टोअर छोट्या वर्कशॉपच्या मागे लागली : चलनावार बाकी द्या. नुसती एकूण बाकी चालेना.

आणि इथे आम्हाला जे हवं होतं ते दिसलं. लोक यासाठी आधीच पैसे देत होते. कुणी निवृत्त स्टोअरकीपरला संध्याकाळी दोन तास बोलावत होता. कुणी मार्चमध्ये अकाउंटंटला वेगळे पैसे देऊन सगळी चलनं जुळवून घेत होता. एक जण तर डेबिट नोटची रक्कम दरवर्षी खर्चातच धरून चालत होता. "याला काय खर्च येतो?" या प्रश्नाला लोकांकडे अंदाज नव्हे तर आकडा होता. तसा आकडा ऐकू आला की थांबून ऐकावं, असं मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

तरीही सॉफ्टवेअर लिहायच्या आधी आम्ही दोन वर्कशॉपना म्हटलं, तुमची चलनं आम्ही जुळवून देतो. संगणकावरच्या साध्या तक्त्यात, हाताने, महिन्याचे पैसे ठरवून. चलनांचे फोटो व्हॉट्सॲपवर यायचे, मी रात्री ते भरायचे, दीर सकाळी हीट ट्रीटमेंटवाल्याला फोन करून बाकी विचारायचा. त्या महिन्यांत जे शिकलो ते कुठल्याच मुलाखतीत कळलं नसतं. नगाचं वजन प्रत्येक टप्प्याला वेगळं धरायला लागतं. क्रेटचं वजन क्रेटवर रंगवून ठेवलं तर निम्मी भांडणं मिटतात. एकच भाग कंपनीच्या चलनावर ड्रॉइंग नंबरने असतो आणि शॉपमध्ये त्याला "तो लांबडा शाफ्ट" म्हणतात. सॉफ्टवेअरला दोन्ही नावं माहीत असायला हवीत.

मग आम्ही आगाऊ पैसे मागितले. सहा महिन्यांची रक्कम आधी द्या, तीन महिन्यांत तयार करून देतो, नाही जमलं तर पैसे परत. "झालं की सांगा, आम्ही आहोतच" म्हणणारे बरेच होते. आम्ही त्यांचे मनापासून आभार मानले, पण यादीत धरलं नाही. ज्यांनी चेक दिला तेवढेच धरले. ते थोडे होते, पण सगळे एकाच प्रकारचे होते : आठ-दहा मशीनवाले, दोन-तीन कंपन्यांचं काम करणारे, माल बाहेर किमान दोन ठिकाणी पाठवणारे. आपलं गिऱ्हाईक नक्की कोण, ते त्या चेकांनी आम्हाला सांगितलं. दोन मशीनवाल्याला वही पुरते, आणि पन्नास मशीनवाल्याकडे स्वतःची यंत्रणा असते.

पैशांच्या हिशेबात आम्ही पडलो नाही, कारण जवळजवळ प्रत्येक अकाउंटंटच्या संगणकावर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर होतंच. टॅलीचा जन्मही असाच आहे. श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या व्यापाराचे हिशेब नीट ठेवणारं सॉफ्टवेअर बाजारात मिळेना, तेव्हा मुलगा भरत याने ते लिहायला घेतलं, आणि १९८६ मध्ये कंपनी उभी राहिली. तिथे गिऱ्हाईक घरातच होतं. आमच्यासारख्यांना ते शेडमध्ये जाऊन शोधावं लागतं, पण ज्याची वही जुळत नाही त्याच्या शेजारी बसणं दोन्हीकडे आलंच.

सध्या आम्ही प्लेटिंगवाल्यांकडे बसायला लागलो आहोत. त्यांची बाजू उलटी. एका बॅरलला (प्लेटिंगच्या फिरत्या पिंपाला) चार-पाच गिऱ्हाइकांचा बारीक माल लागोपाठ लागतो, आणि कुणाचे चार नग कुणाच्या क्रेटमध्ये गेले ते कळत नाही. हा त्यांचा त्रास आहे हे दिसतं. त्यासाठी ते पैसे देतील का, ते अजून दिसलेलं नाही. मात्र एका ठिकाणी "माझा माल झाला का?" या फोनला उत्तर द्यायला एक मुलगा पगारावर ठेवला आहे, दिवसभर तेवढंच काम. मालकांनी परवानगी दिली आहे. येत्या आठवड्यात दीर आणि मी, दोघंही त्या मुलाशेजारी बसून फोन ऐकणार आहोत.