तुम्ही विचारलंत म्हणून: मे वेस्टच का?

‘इतके चांगले सिनेमे असताना बायकांच्या कार्यक्रमात हा असला सिनेमा का लावता?’ हॉलिवूडची नटी मे वेस्ट हिचा ‘शी डन हिम राँग’ दाखवला की कुणीतरी हे विचारतंच. परवाही विचारलंत. तर ऐका.

‘असला’ म्हणजे कसला? तिनं रंगवलेली नायिका लेडी लू पुरुषांना नजरेनं मापते, त्यांच्याकडून हिरे घेते आणि लाजत नाही, हाच ना राग? पण ही बाई मे वेस्टनं स्वतः लिहिलेल्या ‘डायमंड लिल’ या १९२८ च्या नाटकातून आलीय. त्याआधीच्या एका नाटकापायी मे वेस्टनं तुरुंगवास भोगला होता. १९३३ मध्ये सिनेमा आला तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. सिनेमातल्या नायकाला, कॅरी ग्रँटला, ती आपादमस्तक न्याहाळते, आणि बघण्याची वस्तू तो होतो! पुढच्याच वर्षी पडद्यावर काय दाखवावं, काय नाही हे ठरवणारी हॉलिवूडची नीतिसंहिता कडक झाली आणि असल्या बायकांची तोंडं बंद झाली. मग मी का दाखवू नये?

एकदाच मला उत्तर देता आलं नाही. दिवे लागले, सगळ्या चहाकडे वळल्या. कॉलेजातली एक मुलगी पहिल्या रांगेत बसूनच राहिली. म्हणाली, ‘मॅडम, लू पर्लला रंगावरून बोलते तेव्हा तुम्ही हसलात. मी तुमच्याकडेच बघत होते.’ पर्ल म्हणजे लूची कृष्णवर्णीय मोलकरीण, लुईज बीव्हर्सनं केलेली. मी म्हटलं, ‘अगं, त्या काळी तसंच होतं.’

‘मला शाळेत डांबर म्हणायचे. तेव्हाही सगळे हसायचे.’

माझ्या हातात प्रोजेक्टरची वायर होती. ती मी गुंडाळत राहिले. गुंडाळून झाली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मुलगी निघून गेली.

घरी तो प्रसंग कितीदा तरी पाहिला. दोघी एकमेकींशी मोकळ्या आहेत, असं स्वतःला बजावलं. पण पर्लला हसण्यावाचून दुसरं करायला ठेवलंय काय? पहिल्या पत्रकात मी लिहिलं होतं, ‘मुक्त बाईचा सिनेमा’. कुठल्या बाईचा, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

तरीही लावते. लूशी झालेल्या झटापटीत रीटा नावाच्या बाईला सुरा लागून ती मरते, कुणीतरी आत येतं, आणि लू त्या मेलेल्या बाईचे मोकळे केस विंचरत बसते, चेहरा दिसू नये म्हणून. मला धडकी भरते, पण नजर हटत नाही. हे मी सोडू शकत नाही.

ती मुलगी परत आली नाही. दिवे मालवण्याआधी मी पहिली रांग बघून घेते.