तिसऱ्या सिलिंडरचे आटे

गणपती विसर्जनानंतरचा आठवडा होता आणि गॅरेजमध्ये काम कमी होते. सकाळी जांबोटीहून एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. गुरुजी निपाणीकडचे. आपल्या जुन्या कार्बोरेटरच्या ऑम्नीतल्या मागच्या सीटा काढून त्यांनी तिथे फळ्यांचा बिछाना, लहान गॅस शेगडी आणि पाण्याचे कॅन बसवले होते आणि ते पत्नीसह चोर्ला घाटाने गोव्यात उतरायला निघाले होते. कणकुंबीच्या वाटेवर चढ लागताच गाडी मिसिंग मारू लागली, म्हणजे इंजिनाचा ठोका मध्येच चुकू लागला, तेव्हा ते मागे फिरले, जांबोटीत एका पत्र्याच्या शेडखाली थांबले आणि बरोबर आणलेले नवे स्पार्क प्लग स्वतःच बसवू लागले. "मिस्त्री, तिसरा प्लग अर्धा आत गेलाय. आता पुढेही सरकत नाही आणि मागेही येत नाही," असे ते म्हणाले, आणि आटे चुकले आहेत हे मला फोनवरच कळले.

गॅरेज सुरू करण्याआधी मी बारा वर्षे बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम केले आहे, त्यामुळे हेडचे, म्हणजे ज्यात प्लग बसतात त्या इंजिनाच्या वरच्या भागाचे, आटे बिघडले म्हणून हेड उतरवण्याची घाई मी करत नाही. १४ मिलिमीटरच्या प्लगसाठीची हेलिकॉइलची (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायच्या तारेच्या आट्यांची) पेटी, तिचा आटे पाडायचा टॅप, ग्रीस आणि पायपंप घेऊन मी निघालो. बरोबर माझ्याकडे काम शिकणारा बैलहोंगलचा मुलगा होता. त्याला मराठी समजते, पण बोलताना तो कन्नडवर येतो.

पोचल्यावर पहिले काम गॅसचे केले. ऑम्नीचे इंजिन पुढच्या सीटांखाली असते, म्हणजे सीट उचलून झाकण काढले की इंजिन आणि राहण्याची जागा एकच होते. ज्या गाडीत माणसे झोपतात आणि स्वयंपाक करतात, तिच्यात पेट्रोलची वाफ आणि गॅस सिलिंडर एकत्र असता कामा नयेत. सिलिंडर बाहेर काढून लांब ठेवायला लावला, सगळी दारे उघडली आणि बॅटरीची वायर सोडवली. घरची मोटारगाडी आणि फिरते घर यांत हा मोठा फरक आहे, आणि स्वतः दुरुस्ती करणाऱ्यांकडून नेमका तोच विसरला जातो, असा माझा अनुभव आहे.

गुरुजींनी बरेच काही नीट केले होते. कोणती वायर कोणत्या प्लगची हे कळावे म्हणून तिन्ही वायरींना चिकटपट्टी लावून आकडे घातले होते, आणि प्लग सोडण्याआधी खळग्यांतली माती पंपाने उडवली होती. जुने तीन प्लग त्यांनी वर्तमानपत्रावर क्रमाने मांडून ठेवले होते. तिन्हींचा रंग फिकट तपकिरी होता, म्हणजे जळण ठीक होते, तेलही वर येत नव्हते. पण मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. ०.७ ते ०.८ मिलिमीटर हवा असलेला गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, फिलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजला तर १.२ भरला. सपाट रस्त्यावर असा प्लग निभावून नेतो. चढावर सामानाने भरलेली गाडी ओढताना सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात तेवढे अंतर ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते. ते ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलला पुरवता येत नाही, म्हणून गाडी नेमकी घाटात रडते. गुरुजींचे निदान अचूक होते. चुकले ते एवढेच, की घाईत त्यांनी हेड तापलेले असतानाच प्लग सोडले, आणि तिसरा बसवताना सुरुवातीपासूनच पान्हा लावला.

तो प्लग मी पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे करत सोडवला. त्याच्या आट्यांच्या खाचांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळल्यासारखी अडकली होती. हेडचे वरचे तीन-चार आटे निघून आले होते. गुरुजींनी ते पाहिले आणि काही न बोलता ते बाजूला जाऊन बसले.

आता भीती चुऱ्याची होती. ॲल्युमिनियम चुंबकाला लागत नाही, त्यामुळे आत पडलेला कण सहज उचलता येत नाही. पुली हाताने फिरवून तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणला आणि तसाच पुढे थोडा खाली उतरवला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात आणि टॅपचे टोकही पिस्टनला लागत नाही. टॅपच्या खाचांत ग्रीस भरले. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि थोड्या थोड्या वेळाने टॅप बाहेर काढून पुसायचा व नवे ग्रीस भरायचे. टॅप पहिल्यांदा सरळ धरला गेला पाहिजे, कारण तिथे वाकडा गेला तर पुढे काहीच सुधारत नाही. मुलगा टॉर्च धरून खळग्यात पाहत होता आणि मी दाब वाढवला की "सावकाश, सावकाश" म्हणत होता. हा शब्द आमच्याकडे दोन्ही भाषांत चालतो. बाजूला बसलेले गुरुजी ते ऐकून उठून जवळ आले.

चुरा ग्रीसवर निघाला, उरलेला पंपाला बारीक नळी लावून उडवला. मग हेलिकॉइल फिरवून आत उतरवला, वरच्या कडेपेक्षा थोडा खाली, आणि त्याची शेपटी नोज प्लायरने घट्ट पकडून तोडली. ती आत पडली असती तर हेड उतरवावेच लागले असते. बाहेर आलेला तो तुकडा हातावर पाहिला तेव्हा माझा श्वास मोकळा झाला.

पुढचे काम मी गुरुजींच्या हाती दिले. पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या चिनीमातीच्या टोकावर बसवायचा आणि ती नळी बोटांनी फिरवायची. आटे बरोबर धरले तर प्लग सहज आत जातो, चुकले तर नळी प्लगवरच घसरते, आणि हेडला इजा होण्याएवढा जोर तिच्यातून पोचत नाही. अडकलेला प्लग बाजूला ठेवून त्याच्या जागी दुसरा नवा घेतला. काकूंनी फिलर गेजने तिन्ही नव्या प्लगांचा गॅप तपासून दिला. गुरुजींनी तिन्ही प्लग वॉशर टेकेपर्यंत नळीनेच बसवले. पहिले दोन त्यांनी घाईत बसवले होते, म्हणून तेही पुन्हा काढून बसवले. मग पान्ह्याने अर्ध्या फेऱ्याहून थोडे जास्त. आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचवर ते २५ न्यूटन मीटरला आले. आट्यांना तेल लावू का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हणालो, कारण निसरड्या आट्यांवर त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो.

गाडी सुरू होताच मी खळग्याशी कान नेला. फुसफुस नव्हती. गॅस सिलिंडर गाडीत न घेता आम्ही कणकुंबीच्या रस्त्याला लागलो. जिथे सकाळी गाडी अडखळली होती तिथे गुरुजींनी तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर घेतली, आणि इंजिनाचा आवाज एकसारखा राहिला. पावसाची सर आली, तरी मागे बसलेल्या काकूंनी काच लावून घेतली नाही. त्या इंजिनच ऐकत होत्या. चढ संपल्यावर त्या म्हणाल्या, "आता जाऊ शकतो."

निघताना ती रबरी नळी गुरुजींनी मागून घेतली. मी त्यांच्याकडून तो अडकलेला तिसरा प्लग मागून घेतला. माझ्या बाकावर खिळ्याला तो टांगलेला आहे, आणि नवा मुलगा कामाला आला की पान्ह्याआधी तो त्याच्या हातात देतो.