शिवनेरीची सोपी वाट आणि मधला पावणेदोन तास

शिवनेरी म्हणजे एकदम सोपा, पायऱ्याच तर आहेत, अर्ध्या-पाऊण तासात वर, असं मला चार जणांनी सांगितलं होतं आणि ते खरंच आहे. मधमाश्यांचं मात्र एकानंही सांगितलं नाही, म्हणून हे लिहितेय.

मी, आई (वय ६४, डावा गुडघा कुरकुरतो) आणि दहा वर्षांचा भाचा. पुण्याहून नारायणगाव, तिथून जुन्नर, एसटीनं. आम्हा दोघींना महिला म्हणून अर्धं तिकीट आणि भाच्याला वयामुळं अर्धं, म्हणजे तिघंही अर्धेच. जुन्नरपर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. स्वतःची गाडी असेल तर थेट पायऱ्यांपाशी लागते. गावाकडून साखळीची वाट म्हणून अजून एक रस्ता आहे, कड्याला साखळ्या धरून चढायचा, तो वयस्कर माणसं बरोबर असताना डोक्यातही आणू नका.

सात दरवाजे आहेत वाटेत. भाचा मोठमोठ्यानं मोजत होता. चार झाले, आई पण मजेत, दर वळणावर थांबून खाली जुन्नर बघतेय, आणि तेवढ्यात वरून आठ-दहा जण डोक्यावर शर्ट, टॉवेल घेऊन पळत खाली आले. मागून शिट्टी. वर्दीतला एक माणूस ओरडला, "थांबा तिथंच, माश्या उठल्यात! खाली बसा, हलू नका!"

आग्या माश्या. त्यांची पोळी कड्याच्या कपारींना लटकलेली असतात, उघड्यावर, चांगली हात-दोन हात रुंद. मी आधी लांबून बघून म्हटलं होतं की दगडावर काळे डाग कसले. तर ते डाग नव्हते.

बसलो. दगडी भिंतीला टेकून साधारण तीस-चाळीस माणसं, तोंडावर ओढण्या, रुमाल, एकानं तर गोणपाटच घेतलं होतं, ते कुठून आणलं देव जाणे. पहिली दहा मिनिटं भीती, पुढची वीस मिनिटं कुजबुज, आणि त्यानंतर मला जो राग यायला लागला तो काही विचारू नका. ऊन, ओढणीखाली गुदमरतंय, भाच्याला शू लागलेली, आणि नक्की काय झालंय हे कोणालाच माहीत नाही. कोण म्हणे वर कोणीतरी धूर केला, कोण म्हणे पोरांनी आरडाओरडा केला, कोण म्हणे घारीनं पोळं छेडलं. मी त्या वर्दीवाल्यांना विचारलं, "दादा, अजून किती वेळ?" ते म्हणाले, "ताई, मला काय विचारता, माश्यांना विचारा."

तासाभरानं मी परत उठले तर आईनं ओढणी धरून खाली बसवलं. शेजारी एक आजोबा नातवाला सांगत होते की महाराज जन्मले इथं, पण मोठेपणी हा किल्ला त्यांना कधीच घेता आला नाही, १६७३ मध्ये प्रयत्न केला तो पण फसला, आणि मराठ्यांकडं आला तो थेट १७१६ मध्ये, शाहू महाराजांच्या काळात. आई हळूच म्हणाली, "ऐकलंस? आणि तू एका तासात रडतेस."

मग ते दादा एकेकाजवळ येऊन विचारायला लागले, "सेंट, अत्तर, काही मारलंय का कोणी?" सगळ्यांनी माना हलवल्या. मी पण हलवली. सकाळी निघताना अर्धी बाटली डिओ मारला होता मी. माश्या माझ्यामुळं उठल्या नसणार, मी तर तिथं पोचलेही नव्हते, पण आईला हे अजून सांगितलेलं नाही.

तर सुगंधी काहीही लावून जाऊ नका. धूर नको, स्पीकर नको. एक मोठा पांढरा किंवा फिक्या रंगाचा पंचा जवळ ठेवा. चावलीच तर काटा लगेच नखानं खरवडून काढा आणि तिथून लांब व्हा, कारण एक डंख झाला की त्याच्या वासानं बाकीच्या येतात. हात झाडत बसू नका.

पावणेदोन तासांनी सोडलं. डोकी झाकून, न बोलता, भराभर. शिवाई देवीचं मंदिर मुख्य वाट सोडून जरा बाजूला कड्यात आहे, ते आम्ही जाताना टाळलं आणि उतरताना केलं. याच देवीवरून महाराजांचं नाव ठेवलं असं म्हणतात, त्यामुळं आई ते सोडणं शक्यच नव्हतं. वर अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, शिवकुंजातली जिजाऊ आणि बाळ शिवबांची मूर्ती, पुढं जन्मस्थानाची इमारत. गंगा-जमुनेचं पाणी इतकं गार आणि नितळ दिसलं की माझा निम्मा राग तिथंच गेला.

जन्मस्थानाची खोली छोटीशी. आत पाळणा. समोर फोटो काढणाऱ्यांची रांग, त्यातले बरेच जण पाळण्याकडं पाठ करूनच उभे. आईनं चप्पल बाहेर काढली, आत गेली, दोन मिनिटं हात जोडून उभी राहिली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "इथं थंडी किती वाजत असेल गं फेब्रुवारीत, ओल्या बाळंतिणीला." ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी १९ फेब्रुवारी १६३० पाठ करून मोठी झालेय.

हो, त्याच तारखेला जायचं असेल तर भयंकर गर्दी धरून चाला. गर्दी नको असेल तर आधीमधी कधीतरी आठवड्याच्या दिवशी सकाळी लवकर जा. कडेलोट टोक बघायला आम्ही गेलो नाही, गुडघा.

खाली आल्यावर भाच्याचं तोंड पडलेलं. त्याच्या हिशेबात दरवाजे सहाच भरत होते, एक ओढणीखालून पळताना सुटला. तो परत वर जाऊन मोजू म्हणत होता. आई पायरीवर बसून गुडघा चोळत म्हणाली, "जा, मावशीला घेऊन जा, मी इथं बसते."