178 दिवसांचा हाफटाइम

10 जून 2020. रात्रपाळीच्या पत्रकात एकच ओळ: स्पॅनिश फुटबॉल, रायो वायेकानो वि. अल्बासेते, 0-0, फक्त दुसरा हाफ. पहिला हाफ 15 डिसेंबर 2019ला झाला होता. माद्रिदमध्ये, रायोच्या वायेकास मैदानावर प्रेक्षकांनी पाहुण्या संघातल्या एका खेळाडूला 'नाझी' म्हणत घोषणा दिल्या आणि मध्यंतरानंतर खेळ सुरू झालाच नाही. अशा कारणाने स्पेनमधला व्यावसायिक सामना थांबण्याची ती पहिलीच वेळ. आता टाळेबंदीनंतर तिथलं फुटबॉल सुरू होणार होतं तेही याच उरलेल्या 45 मिनिटांनी, प्रेक्षकांविना.

आमचं काम व्हिडिओ बघत प्रत्येक पास, टॅकल, शॉट नोंदवायचं. हाफटाइम पंधरा मिनिटांचा असं सॉफ्टवेअर गृहीत धरतं. इथे तो अडीच लाख मिनिटांच्या वर गेलेला. घड्याळ 00:00ला लावलं की नवा सामना तयार होतो, अल्बासेतेला पहिल्या हाफमध्ये मिळालेलं लाल कार्ड गायब, आणि दहा जणांचा संघ अकराचा दिसतो. म्हणून जुनीच फाइल उघडायची, स्थिती 'रद्द' नसून 'स्थगित' आहे ना ते बघायचं, मग घड्याळ 45:00वर. सामन्याची तारीख डिसेंबरचीच राहते, नोंदींवर शिक्का जूनचा पडतो. 'शेवटचे पाच सामने' काढणारी गणितं हमखास इथेच गंडतात.

दुसरी गोम दिशेची. हाफ बदलला की बाजू बदलतात, ते उलटवायला विसरलात तर गोलकीपर समोरच्या पेनल्टी बॉक्समध्ये उभा दिसतो. सहा महिन्यांपूर्वी कोण कुठे होतं, हे कोणाच्या लक्षात राहणार? पण वायेकासला खूण आयती आहे. 1976 सालचं, जेमतेम पंधरा हजारांचं हे मैदान. स्टँड तीनच बाजूंना, एका गोलमागे नुसती भिंत आणि तिच्यामागे राहत्या इमारती. पहिल्या हाफचा व्हिडिओ लावला, भिंतीकडे कोण चढाई करत होतं ते पाहिलं आणि उलट दिशा भरली.

रायोच्या लुइस आदविंकुलाने गोल केला, सामना 1-0 संपला.

फाइल बंद करताना सिस्टम प्रेक्षकसंख्या विचारते. डिसेंबरचा आकडा आधीच भरलेला होता. तो तसाच ठेवला आणि शेऱ्यात लिहिलं: दुसरा हाफ प्रेक्षकांविना.