पिवळा पडलेला स्फटिक

आज इंदुरात सकाळपासून पाऊस. पोहे गार झाले, कारण टेबलावर लेड टंगस्टेटचा स्फटिक वाट बघत होता; कण आरपार गेला की चमकतो, म्हणून कण टिपायला वापरतात तो. दिसायला काच, पण हातात घेतला की मनगट खाली जातं, लोखंडापेक्षा जड! किरणोत्सारी कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांत बसून आलाय, म्हणून पिवळट. त्याची चमकण्याची ताकद फारशी जात नाही, जातो तो पारदर्शकपणा. आत रंगकेंद्रं, म्हणजे प्रकाश शोषणारे बारीक दोष, तयार होतात आणि ४२० नॅनोमीटरच्या आसपासचा त्याचाच निळा प्रकाश गिळतात. जिनिव्हाजवळच्या सीएमएस या कणांच्या टकरी टिपणाऱ्या प्रयोगात असे ७५,८४८ स्फटिक आहेत. तिथे लेसर सोडून त्यांची पारदर्शकता सतत तपासतात.

दुपारी सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरने, म्हणजे अगदी मंद प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरने, घाम फोडला. अंधारातला करंट भलताच वाढलेला. न्यूट्रॉनचा मार खाल्लेल्या सेन्सरचं असं होतंच, म्हणून मी वहीत निष्कर्षही लिहून मोकळा. मग कळलं, काळ्या पेटीचं झाकणच नीट लागलं नव्हतं. (हसा.) झाकण लावूनही करंट जास्तच होता; सेन्सर थंड केल्यावर बराच उतरला.

रात्री आई म्हणाली, "पिवळा पडला म्हणजे वाया गेला का रे?"

म्हटलं, गॅमाचा डाग खोलीच्या तापमानाला हळूहळू विरतो. प्रोटॉन-पायॉनसारख्या कणांनी केलेली इजा मात्र तशी भरत नाही.

"मग पाऊस थांबला की गच्चीवर उन्हात ठेव. कपड्यांचे डाग जातात तसे."

हसलो खरा, पण प्रकाशाने ती रंगकेंद्रं लवकर विरतात हे खरंच आहे. गच्चीवर तेवढा नाही नेणार.