घोड्याचं वर्ष आणि साडेतीन तास

जपानमध्ये यंदा घोड्याचं वर्ष आहे. तोही साधासुधा घोडा नाही. हिनोएउमा, म्हणजे अग्नीचा घोडा. आपली प्रभव, विभव अशी ६० संवत्सरं फिरतात तसंच इथलंही चक्र साठाचंच. त्यामुळे हा घोडा १९०६ साली आला, मग १९६६ साली आणि आता २०२६ मध्ये. या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याला खाते, असा समज. मुलगा जन्मला तर काही बिघडत नाही. (ओळखीचं वाटतंय ना?) या समजाला बळ दिलं ते ओशिची नावाच्या एका भाजीवाल्याच्या मुलीच्या गोष्टीने. प्रियकराची पुन्हा गाठ पडावी म्हणून तिने आग लावली आणि १६८३ साली तिला जिवंत जाळण्याची शिक्षा झाली, असं सांगतात. ती १६६६ची, अग्नीच्या घोड्याची, असं लोकांनी धरलं आणि पुढच्या साऱ्या मुली त्यात होरपळल्या.

आमची लेक याच वर्षी टोकियोत जन्मली.

मला जपानी शिकवणाऱ्या सेन्सेई १९६६च्या. पेढ्यांऐवजी इथल्या दुकानातली बिस्किटं घेऊन गेलो, तर त्यांनी आधी विचारलं, "मुलगी?" आणि मनापासून हसल्या. "या, आमच्यात या!" मग त्यांच्या शाळेबद्दल सांगत बसल्या. वरच्या वर्गात मुलं दाटीवाटीने बसलेली, खालच्या वर्गातही तेच, आणि मधला यांचा वर्ग ऐसपैस. "प्रवेश परीक्षेत स्पर्धा कमी होती. घोड्याचे उपकार!"

त्या चेष्टेत सांगत होत्या, पण घरी येऊन आकडे पाहिले तर हसू आलं नाही. जपानमध्ये १९६५ साली सुमारे १८ लाख २३ हजार मुलं जन्मली, १९६६ साली १३ लाख ६० हजार आणि १९६७ साली पुन्हा १९ लाख ३५ हजार. म्हणजे एका वर्षात पाव भागाने जन्म घटले आणि पुढच्या वर्षी भरूनही निघाले. त्या जपानमध्ये बुलेट ट्रेन धावत होती, ऑलिंपिक होऊन गेलं होतं, घरोघरी टीव्ही आला होता.

आणि १९०६ साली? तेव्हा लोक जास्त शिकलेले नव्हते, जास्त भाविक असावेत, तरी घट त्या मानाने किरकोळ. मूल थांबवायचं साधनच हाताशी नव्हतं. मुलगी झालीच तर अनेकांनी दप्तरी तिचा जन्म आदल्या किंवा पुढच्या वर्षात दाखवला. थोडं खोटं बोलायचं, पोरीचं आयुष्य सोपं करायचं. साठ वर्षांनी बाळंतपणं बहुतेक दवाखान्यात होऊ लागली, तारीख पक्की लागू लागली. शिवाय कुटुंबनियोजन घराघरात पोचलं होतं, गर्भपात १९४८ पासून कायदेशीर होता आणि मासिकं-टीव्हीवर घोड्याची चर्चा. समज जुनाच, पण आता तो अमलात आणता येत होता.

मला यात सगळ्यात लागलं ते खोटं बोलायची सोय गेली ते. आपल्याकडे वेगळं काय झालं? माझ्या आजीची जन्मवेळ "गुरं रानातून परतली तेव्हा". एवढ्यावर जोशीबुवांनी पत्रिका मांडली. स्थळ दोन्हीकडे पसंत असलं की तेच जोशीबुवा वेळ पाव तास मागेपुढे करून मंगळाला बाराव्या घरातून अकराव्यात नेऊन बसवत. सगळ्यांना ठाऊक असायचं, कुणी बोलायचं नाही. आता वेळ मिनिटापर्यंत पक्की आणि मोबाइलमधलं अॅप कुणाची भीड धरत नाही. लग्नाच्या साइटवर तर 'मंगळ आहे/नाही' असा रकानाच असतो. खूण केली की शेकडो मुली पडद्यावरून गायब. पूर्वी नकार द्यायला निदान मुलगी पाहायला जावं लागे.

तर आमची लेक. इथे प्रत्येक गरोदर बाईला माता-बाल पुस्तिका मिळते, तिच्यात दवाखान्याने जन्मवेळ लिहून दिली. मी हौसेने त्या पानाचा फोटो सांगलीला आईला पाठवला. तिला जपानी येत नाही, पण ६ आणि १० हे आकडे तिने बरोबर वाचले. अर्ध्या तासात व्हिडिओ कॉल.

"अरे, मूळ नक्षत्र आलंय. सासऱ्याला वाईट असतं म्हणतात. शांत करून घेऊ, गुरुजी आता ऑनलाइन करतात. तुम्ही नुसतं समोर बसायचं."

"आई, अॅपमध्ये गाव काय टाकलंस?"

"मी कुठे टाकलं? त्याने आपलं आपणच घेतलं. सांगली."

टोकियो भारताच्या साडेतीन तास पुढे. इथे सकाळचे सहा दहा म्हणजे सांगलीत रात्रीचे दोन चाळीस. मी समजावलं, तिने चष्मा पुसला, गाव बदललं. बाळ माझ्या हातावर जांभया देत होतं. पडद्यावर आईचं फक्त कपाळ दिसत होतं.

"आता ज्येष्ठा आलं."

"मग? सुटला ना सासरा?"

"तो सुटला रे. ज्येष्ठा मोठ्या दिराला वाईट." थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग एकदम चेहरा उजळला. "थोरला मुलगाच बघू की हिला! म्हणजे मोठा दीर असायचा प्रश्नच नाही."